झूल वळूला, हिशेब लेकींचा

कृषी प्रदर्शनात रेड्याच्या मांडवासमोर जेवढी गर्दी असते, तेवढी ट्रॅक्टरसमोरही नसते. कठड्याआड तेल चोपडून काळ्या काचेसारखा चकाकणारा धिप्पाड रेडा, शिंगांना गोंडे, पाठीवर जरीची झूल, दोन्ही बाजूंनी दोर धरून उभे असलेले दोन गडी आणि शेजारच्या फलकावर त्याचा रोजचा खुराक: इतके लिटर दूध, इतके किलो सफरचंदं, इतकी पेंड. लोक फोटो काढतात, किंमत विचारतात आणि तोंडात बोट घालतात. फलकाच्या तळाशी मात्र एक छोटी ओळ असते, ‘सिमेन मिळेल’. पंधरा-वीस म्हशींच्या दुधावर घर चालवणारा माणूस त्या ओळीपाशी रेंगाळतो. असा बाप मिळाला तर आपल्या गोठ्यातल्या पारड्या कशा निघतील, हा विचार त्याच्या मनात येतो आणि तो रास्तही आहे. पैदाशीत बाप चुकला तर ती चूक पुढची दहा-बारा वर्षे गोठ्यात दावणीला बांधून सांभाळावी लागते. म्हणून खिशात हात घालण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे: प्रदर्शनात पहिला आलेला वळू किंवा रेडा दुधाच्या धंद्यासाठी चांगला बाप असतो का?

थोडक्यात उत्तर असे, की असू शकतो, पण तो पहिला आला म्हणून नव्हे. प्रदर्शनात नंबर मिळतो तो एका दिवशी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी. अंगलट, चाल, कातडीची तकाकी, शिंगांची ठेवण, जातीची लक्षणे, मालकाची निगा. गोठ्याला पैसा मिळतो तो वर्षानुवर्षे मोजाव्या लागणाऱ्या गोष्टींतून. पहिले वेत कितव्या महिन्यात, ३०५ दिवसांत दूध किती, फॅट किती, व्याल्यानंतर माज किती दिवसांत, गाय किती वेळा उलटते, कासदाह होतो का आणि जनावर किती वेते टिकते. या दोन याद्यांमध्ये सामाईक असे फार थोडे आहे. त्यात नर दूध देतच नाही. ज्या गुणासाठी तुम्ही बाप निवडता, तो गुण बापाच्या अंगावर कुठेच दिसत नाही. त्याच्या छातीचा घेर मोजून लेकींच्या दुधाचा अंदाज बांधणे म्हणजे सासऱ्याच्या मिशा पाहून सुनेच्या हातची चव ओळखण्यासारखे आहे.

आईचे दूध आणि नातीचे दूध

यावर रेड्याचा मालक लगेच सांगतो, ‘याच्या आईने दिवसाला बावीस लिटर दूध दिलेय.’ ही माहिती निरुपयोगी नाही, पण तिचे वजन किती हे समजून घ्यायला हवे. पहिली गोष्ट म्हणजे स्पर्धेतले दूध हे बहुधा चोवीस तासांचे असते आणि तेही व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे दूध ऐन शिखरावर असताना काढलेले. बावीसला ३०५ ने गुणून वेताचे दूध निघत नाही. कोणती म्हैस किती लवकर उतरते यावर सगळे अवलंबून असते. दुसरी गोष्ट अशी, की त्या दुधात म्हशीचे रक्त किती आणि मालकाचा खुराक किती, हे एका आकड्यातून कळत नाही.

एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, रीत मात्र पैदासशास्त्राची आहे. समजा, रेड्याची आई तिच्याच कळपातल्या बरोबरीच्या म्हशींपेक्षा एका वेतात १,५०० लिटर दूध जास्त देते. दुधाची आनुवंशिकता साधारण २५ टक्के धरतात. म्हणजे या जादा दुधापैकी पाव हिस्सा, ३७५ लिटर, तिच्या रक्ताचा; बाकीचा खुराक, निगा, हवामान आणि नशिबाचा. आई आपल्या मुलाला निम्मीच जनुके देते, म्हणून रेड्याच्या वाट्याला सुमारे १८८ लिटर आले. रेडाही आपल्या लेकीला निम्मेच देतो, म्हणून तुमच्या पारडीच्या वाट्याला ९४ लिटर. ३०५ दिवसांत वाटले तर दिवसाला तीनशे मिलीच्या आसपास. आईच्या दीड हजार लिटरांचा डांगोरा तुमच्या बादलीत येईपर्यंत दोन-तीन कप चहाच्या दुधाएवढा उरतो. तो कळपच मुळात उच्च प्रतीचा असेल किंवा रेड्याचा बापही सिद्ध असेल, तर आकडा वाढेल. पण तसे असल्याचा पुरावा झुलीवर छापलेला नसतो, तो नोंदवहीत शोधावा लागतो.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. एखाद्या नराबद्दलचा आपला अंदाज खरा ठरण्याची खात्री शून्य ते एक अशा पट्टीवर मोजतात, तिला अचूकता म्हणतात. आईच्या एकाच वेताच्या नोंदीवरून केलेल्या अंदाजाची अचूकता याच २५ टक्के आनुवंशिकतेने ०.२५ येते. वेगवेगळ्या गोठ्यांतल्या पाच लेकींची नोंद मिळाली तर ती ०.५ वर जाते, म्हणजे दुप्पट. पन्नास लेकींवरून ती ०.८८ च्या आसपास पोचते. दिसायला साध्या अशा पाच पारड्या, पण त्या पाच वेगळ्या घरच्या असल्या, तर बापाबद्दल त्या चॅम्पियन आजीपेक्षा जास्त खरे सांगतात. म्हणूनच जगभरात आणि आपल्याकडेही वळू निवडण्याची खात्रीची रीत म्हणून संतती चाचणी रुळली. तरुण वळूचे रेतन अनेक गावांतल्या गाईंना द्यायचे, त्याच्या लेकी व्याल्या की त्यांचे दूध मोजायचे आणि मग वळू ठेवायचा की काढायचा ते ठरवायचे. यात पाच-सहा वर्षे जातात आणि पदक कुणालाच मिळत नाही.

शंभर वर्षांचा अमेरिकी धडा

प्रदर्शनाच्या मागे धावले तर काय होते, याचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. तिथला मांसासाठी गुरे पाळणारा पशुपालक, म्हणजे रँचर, आपल्यासारखाच वजनावर आणि खर्चावर जगतो आणि वळू मात्र जातिवंत गुरे पाळणाऱ्या मोठ्या घराण्यांकडून विकत घेतो. ही घराणी आपले वळू शिकागो आणि डेन्व्हरच्या प्रदर्शनांत उतरवत. विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत पंचांना आखूड पायांची, बुटकी, गोलमटोल, लवकर चरबी धरणारी जनावरे आवडू लागली. हेरफर्ड आणि अँगस जातींचे वळू लहान होत होत माणसाच्या कमरेच्या पट्ट्याएवढ्या उंचीवर आले. १९४० आणि १९५० च्या दशकांत या कळपांतून खुजी वासरे निघू लागली. कपाळ फुगलेले, पोट सुटलेले, श्वास घेताना घोरणारी ही वासरे फार जगत नसत. हा एका सुप्त जनुकाचा दोष होता. आई आणि बाप दोघेही वाहक असले की चारांतले एक वासरू असे निघे. एकेरी वाहक वळू स्वतः धडधाकट असे आणि थोडा जास्त आटोपशीर दिसे, त्यामुळे रिंगणात नेमका तोच नजरेत भरे. पंच दोष निवडत होते, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हते. बड्या घराण्यांच्या वंशावळी त्यामुळे मातीमोल झाल्या.

यातून शहाणपण आले, पण रिंगणात नव्हे. १९६८ मध्ये तिथे बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशन स्थापन झाली आणि वजने, जन्मवजने, वाढ यांच्या नोंदींवरून वळूचे पैदास मूल्य काढण्याची पद्धत रुजली. प्रदर्शने मात्र तोवर दुसऱ्या टोकाला धावू लागली होती. १९७० आणि ८० च्या दशकांत उंचच उंच, घोड्यासारखी लांब पायांची जनावरे जिंकू लागली. रँचरने असे वळू वापरले तेव्हा त्याच्या गाई एवढ्या मोठ्या झाल्या, की माळरानावरच्या गवतावर त्यांचे भागेना. त्या उशिरा वयात येत आणि दुष्काळात आधी रोडावत. तीस वर्षांत तीच रिंगणे, तीच पदके आणि आदर्श मात्र बरोबर उलटा. पंचांची आवड ही फॅशन असते, आणि फॅशन बदलली तरी गोठ्यातली जनावरे कपड्यांसारखी बदलता येत नाहीत.

आजही तिथे शाळकरी मुलांच्या स्पर्धांसाठी वासरे पैदा करणारा एक वेगळा धंदा आहे. त्या वासरांचे केस महिनोन्‌महिने धुऊन-विंचरून वाढवतात आणि स्पर्धेच्या सकाळी चिकट फवारा मारून पायांवरचे केस उभे करतात, मग हाड जाड दिसेल असे ते कातरतात. या वर्तुळात दोन सुप्त दोष वर्षानुवर्षे फिरत राहिले. एकात वासराच्या मागच्या पायाची नळीच बनत नाही, दुसऱ्यात फुप्फुसे वाढत नाहीत आणि पाण्याने फुगलेले मेलेले वासरू काढताना गाईच्या जिवावर बेतते. तपासण्या निघूनही वाहक वळू वापरले जातात, कारण त्यांची वासरे भरदार दिसतात. स्पर्धेतली ही वासरे बहुतेक खच्ची केलेली असतात, त्यांच्यापासून पुढची पिढी होणार नसते, म्हणून त्या धंद्यात हे खपून जाते. दूधवाल्याला मात्र लेकी ठेवायच्या असतात, आणि तिथेच हा सौदा आतबट्ट्याचा ठरतो.

चरबीखाली काय असते

आता प्रदर्शनाच्या तयारीचा वळूच्या स्वतःच्या शरीरावर होणारा परिणाम पाहू. महिनोन्‌महिने भरडा, पेंड, दूध, तूप खाऊन आणि चालणे-फिरणे बंद होऊन वळूच्या अंगावर जी गोलाई येते, ती बघणाऱ्याला ताकद वाटते. वृषण शरीराच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी थंड राहिले तरच चांगले शुक्राणू तयार होतात. अंडकोषाच्या देठाशी चरबी साठली की उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही आणि वीर्याची प्रत घसरते. जास्त धान्याने पोटात आम्लता वाढते, खुरांना सूज येते आणि वजनदार नर मागच्या पायांवर उभा राहायला कचरतो. वळूमध्ये शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणून आज खुराक आवरला तरी सुधारणा दोन-अडीच महिन्यांनंतरच दिसते. प्रदर्शनाहून परतलेला वळू दुसऱ्या आठवड्यात गाईंवर सोडला आणि गाई उलटू लागल्या, तर दोष गाईंना देऊ नये. खुराक हळूहळू उतरवावा, रोज फिरवावे आणि दोन महिन्यांनी वीर्यतपासणी करूनच त्याला कामाला लावावे.

आकाराचा मुद्दा तर रोजच्या खर्चाचा आहे. मोठा रेडा, मोठी म्हैस, मोठी बादली हे समीकरण कानाला गोड लागते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने १९६६ पासून होल्स्टीन गाईंच्या दोन शाखा वाढवल्या, एक मोठ्या आकाराच्या वळूंची आणि दुसरी लहान आकाराच्या वळूंची. दुधात म्हणावा असा फरक पडला नाही, आणि लहान गाई गोठ्यात जास्त काळ टिकल्या. तिथल्या दुग्धवळूंच्या नेट मेरिट निर्देशांकात शरीराच्या मोठेपणाला आज उणे गुण आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर साडेचारशे किलोच्या जागी साडेपाचशे किलोची म्हैस नुसती जगवायला रोज सुमारे एक किलो कोरडी वैरण जादा लागते, ती दूध देत असो वा भाकड असो. वर्षाला साडेतीनशे किलोंहून जास्त. हा खर्च भरून निघेल एवढे दूध ती जादा देणार असेल तर तक्रार नाही, पण ते दाखवायची जबाबदारी रेडा विकणाऱ्याची आहे. शिवाय लहान चणीच्या पंढरपुरी म्हशीला किंवा पहिल्यांदा फळवायच्या कालवडीला अवाढव्य नराचे रेतन दिले तर वासरू अडण्याचा धोका वाढतो, आणि अडलेली एक खेप दोन वेतांचा नफा खाऊन टाकते.

काही रास्त आक्षेप

पहिला आक्षेप असा, की पंच काय आंधळे असतात का? जाणत्या पशुवैद्यकाची किंवा जुन्या पारखी शेतकऱ्याची नजर काहीच सांगत नाही का? सांगते. वळूचे पाय सरळ आहेत का, खूर घट्ट आहेत का, दोन्ही वृषण सारखे आणि भरलेले आहेत का, जबडा जुळतो का, जातीची लक्षणे शुद्ध आहेत का, हे डोळ्यांनीच पाहायचे असते आणि त्यातले बरेच काही लेकींमध्ये उतरते. सडांची ठेवण, कासेचा बांधा हे गुण मोजून आनुवंशिक ठरले आहेत, आणि जनावर टिकण्याशी त्यांचे नाते आहे. म्हणून नजरेचा उपयोग वाईट नर गाळण्यासाठी करावा. गाळणीतून उरलेल्यांत सर्वांत चांगला कोण, हे मात्र नजरेला ठरवता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: आकड्यांवर निवडलेल्या वळूंनीही घात केला नाही का? केला. १९६२ मध्ये जन्मलेल्या पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या होल्स्टीन वळूला सोळा हजारांवर लेकी झाल्या. दूध त्यांनी भरपूर दिले, पण त्याच्याकडून एक घातक सुप्त जनुकही जगभर पसरले आणि त्यामुळे पाच लाखांहून अधिक गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. अँगस जातीतही २००८ मध्ये वाकड्या पाठीची मेलेली वासरे जन्मण्याचा दोष उघड झाला, आणि त्याची मुळे प्रदर्शनात नव्हे तर आकड्यांनी गाजलेल्या एका घराण्यात निघाली. म्हणजे आकडे संरक्षक कवच नाहीत. पण फरक नीट पाहा. हे दोष सापडले ते नोंदींमुळेच. कोणत्या वळूची कोणती वासरे मेली, हे लिहिलेले होते म्हणून मूळ वळूपर्यंत पोचता आले, चाचण्या निघाल्या आणि वाहक बाजूला काढता आले. नोंद नसलेल्या वळूच्या बाबतीत गाभडलेली गाय ही फक्त मालकाचे दुर्दैव ठरते. या गोष्टीचा खरा धडा वेगळा आहे: कोणताही एक वळू, तो कितीही चांगला असला तरी, सगळ्या तालुक्यावर पसरू देऊ नये. गाजलेल्या रेड्याच्या लेकी वयात येईपर्यंत त्याचेच रेतन चालू असते आणि बापलेकीचा संबंध घडतो. अशा संबंधातून होणाऱ्या वासरात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के येते, आणि सुप्त दोष वर यायला ही सर्वांत सोपी वाट आहे.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. खिलारची गाय दुधासाठी कोण पाळतो? पुसेगाव, खरसुंडी, पंढरपूरच्या बाजारात खोंडाची किंमत त्याच्या रूपावर, चालीवर आणि शिंगांवरच होते. मग तिथे प्रदर्शनातला वळू लावण्यात गैर काय? काहीच नाही. ज्याचा बाजारच रूपाचा आहे, त्याने रूपाचा वळू निवडणे हा चोख व्यवहार आहे. लाल कंधारी आणि देवणीच्या माळेगावच्या यात्रेतही हेच लागू पडते. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा मार्ग कायमचा मोकळा केल्यावर धावणाऱ्या खोंडांनाही भाव आला आहे, आणि शर्यत निदान हवा तो गुण मोजते तरी. धोका तेव्हा सुरू होतो, जेव्हा एका बाजारासाठी निवडलेला वळू दुसऱ्या बाजाराला चांगला म्हणून विकला जातो. तुमचे गिऱ्हाईक दूध संघ असेल आणि तो फॅट आणि एसएनएफवर पैसे देत असेल, तर वशिंडाच्या डौलाला तो एक रुपयाही जास्त देणार नाही.

शेवटचा आक्षेप किमतीचा. कुरुक्षेत्रचा युवराज नावाचा मुऱ्हा रेडा नऊ कोटींच्या देकारामुळे देशभर गाजला. एवढी बोली लागते ती उगाच का, असे लोक विचारतात. देकार आणि विक्री यांत अंतर असते हे सोडून दिले तरी, किंमत ही मागणीची साक्ष आहे, लेकींच्या दुधाची नव्हे. गोठवलेल्या एका रेतमात्रेत साधारण दोन कोटी शुक्राणू घालतात. एका वेळच्या वीर्यातून शंभर-दोनशे मात्रा सहज बनतात. मालकाची मिळकत या मात्रांच्या खपावर असते आणि खप प्रसिद्धीवर. त्यामुळे रेडा प्रदर्शनात नेणे हा त्याच्या दृष्टीने जाहिरातीचा खर्च आहे. त्यात लबाडी असेलच असे नाही, पण जाहिरातीला पुरावा समजणे ही घेणाऱ्याची चूक.

मग करायचे काय

संकरित गाई, जर्सी, होल्स्टीन किंवा मुऱ्हा म्हशींचा दुधाचा धंदा असेल, तर पहिली पसंती मान्यताप्राप्त वीर्य केंद्रातल्या, संतती चाचणी झालेल्या किंवा पैदास मूल्य काढलेल्या वळूला द्या. या केंद्रांना नियम पाळावे लागतात. वळूची क्षय, जोन्स, ब्रुसेला, आयबीआर यांसारख्या रोगांसाठी वेळोवेळी तपासणी होते, गुणसूत्रे पाहिली जातात आणि होल्स्टीनमध्ये घातक सुप्त जनुके तपासतात. प्रदर्शनातून आलेल्या नराच्या या तपासण्या झालेल्या असतीलच असे नाही. उलट तो गावोगावच्या जनावरांत मिसळून आलेला असतो. २०२२ मध्ये लम्पी पसरला तेव्हा महाराष्ट्रात गुरांचे बाजार आणि प्रदर्शने बंद करावी लागली, ती याच कारणाने, आणि लम्पीचा विषाणू वीर्यातूनही बाहेर पडतो. कांडी भरणाऱ्याला कांडी दाखवायला सांगा. तिच्यावर वळूचा क्रमांक, जात, केंद्राचे नाव आणि बॅच छापलेली असते. काही न छापलेली कांडी कितीही नामांकित रेड्याची म्हणून सांगितली तरी घेऊ नका.

पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी म्हशी किंवा देशी गाई असतील तर ‘सिद्ध वळू मिळतच नाही’ ही अडचण खरी आहे. या जातींत नोंदींचे काम तोकडे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिममधून गाईंसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ या जनुकीय तपासणीच्या साधनांचे लोकार्पण झाले. अशा तपासणीने वळू तरुण असतानाच पैदास मूल्याचा अंदाज बांधता येतो, पण त्यामागेही लेकींच्या मोजलेल्या दुधाच्या नोंदी लागतातच. तोवर पाच लेकींचा हिशेब वापरा. रेडा पसंत पडला तर मालकाला त्याच्या लेकी कुठे आहेत ते विचारा, आणि मालकाच्या गोठ्यातल्या नव्हे, तर साध्या वैरणीवर असलेल्या चार-पाच गोठ्यांतल्या लेकी स्वतः जाऊन पाहा. तिथे ‘किती दूध देते’ असा मोघम प्रश्न नको. त्याच गोठ्यातल्या, त्याच वेताच्या दुसऱ्या म्हशींपेक्षा ही जास्त देते की कमी, पहिल्यांदा कितव्या महिन्यात व्याली, पुन्हा गाभण राहायला किती वेळा दाखवावी लागली, सड दोहायला कसे आहेत, हे विचारा. मालक फक्त एकच लेक दाखवत असेल आणि तीही पदक घातलेली, तर उत्तर मिळाले असे समजा.

एवढे करूनही प्रदर्शनातला नर घ्यावासा वाटला तर घ्या, पण पूर्ण कळप त्याच्या हवाली करू नका. पहिल्या वर्षी पाचांतल्या एका जनावरालाच त्याचे रेतन द्या, बाकींना नोंदीतले. नर गोठ्यात आणणार असाल तर आधी त्याची ब्रुसेलासाठी रक्ततपासणी आणि वीर्यतपासणी करून घ्या. पशुवैद्यक अंडकोषाचा घेर मोजेल. अमेरिकेत दोन वर्षांवरच्या बीफ वळूला किमान ३४ सेंटीमीटर घेर मागतात, पण आपल्या देशी वळूंना आणि रेड्यांना तो आकडा जसाच्या तसा लावू नये, रेड्याचे वृषण मुळातच लहान असतात. प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला आहेच. त्या क्रमांकासमोर वहीत बापाचा क्रमांक, रेतनाची तारीख आणि उलटली की नाही, एवढे तीन रकाने लिहा. काही वर्षांनी त्या रेड्याच्या लेकी आणि दुसऱ्या वळूंच्या लेकी एकाच दावणीला, एकाच वैरणीवर दूध देत असतील. आठवड्यातून एकदा दोन्ही वेळचे दूध मोजून चौथ्या रकान्यात लिहीत जा. त्या वहीत ज्याच्या लेकी पुढे असतील, त्याचे रेतन पुढच्या वर्षी वाढवा. ज्याच्या मागे असतील, त्याने कितीही ढाली जिंकल्या असल्या तरी त्याचा क्रमांक खोडा.